लसूण खुशाल खा, पण संधिवाताची गोळी त्याच्या भरवशावर सोडू नका

जुलै लागला आणि भाताची आवणी सुरू झाली, की इगतपुरी-घोटी भागात दोन गोष्टी हमखास वाढतात. एक म्हणजे दवाखान्यातल्या सांधेदुखीच्या तक्रारी आणि दुसरी म्हणजे मोबाइलवर फिरणारे लसणाचे मेसेज. मेसेजचा मजकूर साधारण ठरलेला असतो. सकाळी उपाशीपोटी दोन कच्च्या पाकळ्या चावून खा, वर कोमट पाणी प्या, काही दिवसांत सांधे मोकळे. अलीकडे त्यात विज्ञानाची फोडणीही असते: ‘लसणातलं अ‍ॅलिसिन शरीरातला दाह मुळापासून काढतं, मग केमिकलच्या गोळ्या कशाला?’

या शेवटच्या प्रश्नाला माझा विरोध आहे. लसणाला नाही. लसूण मीही खातो आणि तुम्हीही खा. पण ‘मग गोळ्या कशाला?’ हे वाक्य वाचून जो पेशंट आपली संधिवाताची औषधं बंद करतो, त्याच्या बोटांचं जे होतं ते मेसेज पाठवणाऱ्याला दिसत नाही. आम्हाला दिसतं, आणि बहुतेक वेळा उशिरा दिसतं. म्हणून हा लेख थोडा भांडणाच्या सुरात आहे.

आधी लसणाची बाजू

लसणाचे गुण कुणी काल शोधलेले नाहीत. काश्यपसंहितेत लसणावर ‘लशुनकल्प’ नावाचं स्वतंत्र प्रकरण आहे. १८९० साली मध्य आशियातल्या कुचा इथे मिळालेल्या, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या संस्कृत हस्तलिखिताचा पहिला भागच लसणाबद्दल आहे. त्याला बॉवर हस्तलिखित म्हणतात. तेव्हा ‘आमच्या पूर्वजांना हे माहीत होतं’ असं कुणी म्हटलं, तर ते खरंच आहे.

आधुनिक रसायनशास्त्रानेही लसणाकडे नीट पाहिलं आहे. अख्ख्या पाकळीत अ‍ॅलिसिन जवळजवळ नसतंच. पाकळीत अ‍ॅलिन नावाचा गंधकयुक्त पदार्थ एका जागी असतो आणि अ‍ॅलिनेज नावाचं एन्झाइम दुसऱ्या जागी. तुम्ही पाकळी ठेचली, चिरली किंवा चावली, की दोघांची गाठ पडते आणि अ‍ॅलिसिन तयार होतं. ठेचताना नाकात जातो तो वास त्याचाच. १९४४ साली अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली या शास्त्रज्ञांनी हे अ‍ॅलिसिन वेगळं काढलं. ते फार काळ टिकत नाही. त्यापासून डायअ‍ॅलिल डायसल्फाइड, डायअ‍ॅलिल ट्रायसल्फाइड, अजोइन असे पुढचे पदार्थ बनतात.

प्रयोगशाळेत, काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर हे पदार्थ टाकले की दाह वाढवणारे काही संदेश कमी होतात. यात टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-६ आणि त्यांना चालना देणारा एनएफ-कप्पा-बी नावाचा पेशीतला खटका येतो. उंदरांवरच्या प्रयोगांतही असं दिसलं आहे. म्हणजे मेसेजमधला ‘लसणात दाह कमी करणारे पदार्थ आहेत’ हा भाग खोटा नाही. खोटं त्याच्या पुढच्या पायरीवर सुरू होतं.

बशीतून शरीरात येताना काय होतं

बशीतल्या पेशींवर शुद्ध पदार्थ थेट ओतता येतो. शरीरात त्याला तोंड, पोट, आतडं आणि यकृत ओलांडून जावं लागतं. अ‍ॅलिसिन हा अतिशय चंचल पदार्थ आहे. माणसाने भरपूर कच्चा लसूण खाल्ला तरी त्याच्या रक्तात अ‍ॅलिसिन सापडत नाही, कारण ते वाटेतच दुसऱ्या पदार्थांत बदलतं. त्यातल्या एका पदार्थाचा वास श्वासातून कितीतरी तास येत राहतो. ते तुम्हाला, आणि शेजारी बसणाऱ्याला, माहीत आहेच. तेव्हा ‘अ‍ॅलिसिन रक्तातून गुडघ्यापर्यंत जातं आणि सूज विरघळवतं’ हे चित्र मुळातच चुकीचं आहे.

स्वयंपाकातही फरक पडतो. अख्खी पाकळी गरम तेलात टाकली तर एन्झाइम काम करण्याआधीच मरतं. ठेचून दहा मिनिटं ठेवून मग फोडणीला टाकली तर काही उपयुक्त पदार्थ आधीच तयार झालेले असतात. कॅप्सूलमध्ये तर आणखी गोंधळ आहे. पोटातल्या आम्लाने एन्झाइम निकामी होतं, त्यामुळे साध्या पावडरीच्या कॅप्सूलमधून किती अ‍ॅलिसिन तयार होईल याची खात्री नसते. तेलाच्या ‘पर्ल’मध्ये वेगळे पदार्थ असतात. मुरवलेल्या लसणाच्या अर्कात अ‍ॅलिसिन नसतंच, त्यात मुख्यतः एस-अ‍ॅलिल सिस्टीन असतं. डबीवर सगळीकडे ‘लसूण’च लिहिलेलं असलं, तरी आत तीन वेगळ्या वस्तू आहेत. एकावर झालेला अभ्यास दाखवून दुसरी विकली जाते.

माणसांवर काय दिसलं

लसूणप्रेमी मंडळी ज्याचा दाखला देऊ शकतात असा एक चांगला अभ्यास आहे, आणि तो लपवायचं मला कारण नाही. इराणमध्ये आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस असलेल्या ७० स्त्रियांवर तो झाला आणि २०२० साली प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींना रोज १००० मिलिग्रॅम लसणाच्या गोळ्या दिल्या, निम्म्या जणींना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. आठ आठवड्यांनी लसूण घेणाऱ्या गटात सीआरपी आणि टीएनएफ-अल्फा कमी झालं, दुखणं आणि थकवाही कमी झाला. ईएसआरमध्ये मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

हे वाचून आनंद व्हायला हरकत नाही, पण तीन गोष्टी नीट बघा. त्या बायका आपली नेहमीची औषधं घेतच होत्या. लसूण त्यांच्या जोडीला होता, त्यांच्या जागी नव्हता. अभ्यास दोन महिन्यांचा होता आणि आमवात हा वर्षानुवर्षांचा आजार आहे. आणि खरा प्रश्न आहे तो सांध्याचं हाड झिजणं थांबलं का, याचा. तो या अभ्यासाने तपासलेला नाही. एवढ्या कालावधीत तो तपासताही येत नाही.

म्हणजे लसणाच्या बाजूचा चांगला पुरावासुद्धा ‘औषधाबरोबर लसूण घेतला तर थोडा फायदा होऊ शकेल’ एवढंच सांगतो. ‘औषध सोडा’ असं सांगत नाही. ते वाक्य मेसेज लिहिणाऱ्याने पदरचं घातलेलं आहे.

आशा आणि पुरावा यांत किती अंतर असतं, याचं एक उदाहरण कोलेस्टेरॉलचं आहे. तिथेही लसणाची अशीच कीर्ती होती. मग अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९२ जणांवर सहा महिने काटेकोर चाचणी झाली. एका गटाला कच्चा लसूण, दोन गटांना दोन वेगवेगळ्या लसणाच्या गोळ्या आणि एका गटाला पोकळ गोळी. २००७ साली निकाल आला. एकाही प्रकाराने एलडीएल कोलेस्टेरॉल म्हणण्यासारखं खाली आलं नाही.

‘पण आमच्या शेजारणीला बरं वाटलं!’

वाटलं असेल. ती खोटं बोलत नाही. फक्त तिला नक्की कशाने बरं वाटलं, हा प्रश्न उरतो.

पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांधेदुखीची घरोघर पाहणी सुरू केली. अशा पाहण्यांना कॉपकॉर्ड म्हणतात. चार हजारांवर प्रौढ माणसं तपासली गेली. त्यांतल्या सुमारे १८ टक्के लोकांना सांधे-स्नायूंच्या दुखण्याची काही ना काही तक्रार होती. पण आमवात होता सुमारे अर्ध्या टक्क्याला.

हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून बघा. दुखतंय असं सांगणाऱ्या पस्तीस-छत्तीस माणसांमागे आमवात साधारण एकाला. बाकीच्यांचं दुखणं कष्टाचं, स्नायूंचं, कंबरेचं किंवा वयाने झिजलेल्या गुडघ्याचं असतं. आवणीत दहा-बारा दिवस चिखलात वाकून काम केलं की कंबर-गुडघे धरणारच. आवणी संपली, चार दिवस आराम मिळाला, की त्यातलं बरंचसं आपोआप उतरतं. त्या काळात लसूण खाल्ला असेल तर श्रेय लसणाला मिळतं. गावठी तेल लावलं असेल तर तेलाला मिळतं.

लसणाची कीर्ती अशा चौतीस-पस्तीस जणांच्या बरं होण्यावर उभी राहते, आणि तिची किंमत भरते ती एक आमवाताची बाई. तिला शेजारणी मनापासून सांगतात, ‘अगं, मला बघ ना कसा गुण आला!’ सांगणारीचा आजार वेगळा आणि ऐकणारीचा वेगळा, हे दोघींनाही माहीत नसतं.

आमवातातही फसगत होते. हा आजार लाटांसारखा येतो-जातो. दुखणं अगदी टोकाला गेलं की माणूस नवा उपाय सुरू करतो, आणि टोकाला गेलेली लाट नंतर उतरणारच असते. शिवाय आमवाताच्या मूळ औषधांचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. पेशंट तीन आठवडे गोळी घेतो, ‘काहीच फरक नाही’ म्हणून कंटाळतो आणि लसूण सुरू करतो. पुढे गोळीचा गुण दिसायला लागतो आणि नाव लसणाचं होतं. मग गोळी बंद होते.

वनस्पतींच्या औषधांची नीट चाचणी आपल्याच महाराष्ट्रात झाली आहे. पुण्यातल्या डॉ. चोप्रा यांच्याच चमूने अश्वगंधा, सालई, सुंठ आणि हळद यांपासून बनवलेलं औषध आमवाताच्या १८२ रुग्णांवर सोळा आठवडे तपासलं. ते २००० साली प्रसिद्ध झालं. औषध घेणाऱ्यांना बरं वाटलं. पण पोकळ गोळी घेणाऱ्यांपैकीही पुष्कळ जणांना बरं वाटलं, इतकं की दुखण्याच्या बहुतेक मोजमापांत दोन गटांतला फरक ठामपणे दाखवता आला नाही. पोकळ गोळीनेही बरं वाटतं, हे ज्यांनी मोजून पाहिलं त्यांनी प्रामाणिकपणे छापलं. आयुर्वेदाचा खरा आदर मला यात दिसतो. मेसेज पुढे ढकलण्यात दिसत नाही.

दुखणं थांबणं आणि सांधा वाचणं या वेगळ्या गोष्टी आहेत

आमवातात शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. अस्तर सुजतं, जाड होतं आणि शेजारची कूर्चा आणि हाड कुरतडायला लागतं. एकदा कुरतडलेलं हाड पूर्ववत होत नाही. हे नुकसान बऱ्याच जणांत पहिल्या दोन वर्षांतच सुरू होतं. म्हणून पहिले तीन ते सहा महिने सोन्यासारखे असतात. त्या काळात नीट औषध सुरू झालं तर अनेक पेशंट वर्षानुवर्षं जवळजवळ नेहमीसारखं आयुष्य जगतात.

हा आजार बायकांमध्ये पुरुषांपेक्षा दोन-तीन पट जास्त दिसतो, आणि तोही अनेकदा ऐन कामाच्या वयात. आपल्याकडची गोष्ट मग साधारण अशी घडते. पस्तिशी-चाळिशीची बाई. सकाळी उठल्यावर बोटं मिटत नाहीत, तांब्या धरता येत नाही, भाकरी थापता येत नाही. तासाभराने हात सैल होतो, म्हणून ती कामाला लागते. आवणी आहे, थांबून चालणार नाही. कुणी म्हणतं थंडी बाधली, कुणी म्हणतं वात आहे, लसूण खा. मेडिकलमधून दुखण्याची गोळी येते, लसूण सुरू होतो, थोडा उतार पडतो. भातकापणी होते, दिवाळी जाते. नाशिकला तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवायचं म्हणजे एक दिवस मोडतो, म्हणून ते पुढे ढकललं जातं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत बोटं करंगळीकडे झुकलेली असतात.

या गोष्टीत लसणाने तिचं थेट काही वाईट केलं नाही. लसणाने तिचे आठ-दहा महिने खाल्ले. माझं भांडण या महिन्यांसाठी आहे. दुखणं थोडं कमी झालं की आजार थांबला असं वाटतं, पण सांधा आतून कुरतडला जातच असतो. साध्या पेनकिलरलाही हीच गोष्ट लागू आहे, हेही लक्षात ठेवा.

शिवाय आमवात फक्त सांध्यांचा नसतो. दाह वर्षानुवर्षं तसाच राहिला तर फुप्फुसं, डोळे आणि हृदय यांनाही त्याची झळ बसते.

‘नैसर्गिक’ आणि ‘केमिकल’: हा वादच पोकळ आहे

डायअ‍ॅलिल डायसल्फाइड हे नाव डबीवर लिहिलं तर किती जण ती विकत घेतील? ते लसणात असतं. केमिकल हा शब्द शिवीसारखा वापरून काही सिद्ध होत नाही. पाणीही केमिकल आहे आणि मीठही. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनची वंशावळ गॅलेगा नावाच्या एका वनस्पतीपर्यंत जाते. गाऊटसाठी देतात ते कोल्चिसिन तर अजूनही वनस्पतीतून येतं. वनस्पतीत गुण असतो हे डॉक्टरांना मान्य नाही, असा आरोपच चुकीचा आहे. फरक एवढाच, की त्या गुणाचा किती डोस, कुणाला, किती दिवस आणि काय अपाय, हे मोजलं गेलं.

आमवातात सर्वात जास्त वापरलं जाणारं औषध मेथोट्रेक्सेट. ते ज्या औषधांच्या घराण्यातलं आहे, त्याच्या जन्मात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. आंध्रात जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली कंपनीत संशोधन करत होते. १९४० च्या दशकात त्यांच्या चमूने फॉलिक आम्लाला अडवणारी ही औषधं पुढे आणली. १९५१ साली त्यांतलं एक संधिवातात वापरून पाहिलं गेलं. मेथोट्रेक्सेटला अमेरिकेत आमवातासाठी अधिकृत मान्यता मिळाली ती १९८८ साली. एवढी वर्षं तपासणीत गेली, आणि म्हणूनच त्याचे दुष्परिणाम आम्हाला माहीत आहेत.

हो, दुष्परिणाम आहेत. यकृतावर आणि रक्तपेशींवर परिणाम होऊ शकतो, म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं. गरोदरपणात ते चालत नाही. आणि एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहून घराच्या भिंतीला लावा: आमवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही. रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. हे सगळं मी उघड सांगतो, कारण लपवलं की मेसेजवाल्याला आयतं हत्यार मिळतं. पण दुष्परिणाम तपासून सांभाळता येतात, झिजलेला सांधा परत आणता येत नाही.

कंपन्यांच्या नफ्याबद्दलही ऐकू येतं. मेथोट्रेक्सेटची जेनेरिक गोळी महाग नाही. आठवड्याचा तिचा खर्च कित्येकदा लसणाच्या कॅप्सूलच्या डबीपेक्षा कमी भरतो. आणि लसणाच्या कॅप्सूल कुणी धर्मादाय वाटत नाही. त्याही कंपन्याच विकतात.

लसणाचेही दुष्परिणाम आहेत

‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?’ हे वाक्य सर्वांत महागात पडतं ते पाय सुन्न झालेल्या मधुमेहींना. लसूण ठेचून त्याचा लेप सुजलेल्या सांध्यावर किंवा पावलावर रात्रभर बांधून ठेवतात. कच्च्या लसणाने कातडी खरोखर भाजते, फोड येतात. हे अनेक देशांतल्या डॉक्टरांनी नोंदवलेलं आहे. ज्याचे पाय सुन्न आहेत त्याला जळजळ कळत नाही. सकाळी पट्टी सोडली की जखम दिसते, आणि मधुमेहात पायाची जखम ही किरकोळ बाब नसते.

दुसरा धोका रक्तस्रावाचा. लसणातले पदार्थ रक्तातल्या प्लेटलेट्सची चिकटण्याची ताकद कमी करतात. भाजी-आमटीतल्या लसणाने काही बिघडत नाही. पण कच्च्या लसणाचा मोठा डोस किंवा कॅप्सूल, आणि वर इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन किंवा असिट्रोमसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ही जोडी धोक्याची ठरू शकते. ऑपरेशनच्या किंवा दात काढण्याच्या आधी कॅप्सूल साधारण आठवडाभर बंद ठेवाव्यात आणि डॉक्टरांना तसं सांगावं. ‘आयुर्वेदात असलं काही नाही’ म्हणणाऱ्यांसाठी: वाग्भटाच्या अष्टांगहृदयात लसणाचे गुण सांगताना तो रक्तपित्त बिघडवतो असंही सांगितलं आहे. रक्तपित्त म्हणजे रक्तस्रावाचे विकार. जुन्या ग्रंथकाराने दोन्ही बाजू लिहिल्या. मेसेजवाल्याने एकच उचलली.

तिसरी गोष्ट पोटाची. सांधेदुखीचे पुष्कळ पेशंट आधीच पेनकिलर घेत असतात. त्यात उपाशीपोटी कच्चा लसूण म्हणजे जळजळणाऱ्या पोटाला आणखी त्रास. ज्यांना गॅस आणि आतड्याचा त्रास आहे, त्यांना लसणाने तो वाढतो.

दोष फक्त पेशंटचा नाही

पेशंट लसणाकडे का वळतो, याचं उत्तर आमच्या दवाखान्यांतही आहे. दोन मिनिटांत तपासणी, एक इंजेक्शन, पाच दिवसांच्या गोळ्या आणि ‘आता हे आयुष्यभर चालायचं’ एवढं ऐकवून पाठवलं, तर माणूस दुसरीकडे आशा शोधणारच. आजाराचं नाव काय, औषध काय करतं, गुण किती आठवड्यांनी दिसेल, कोणती तपासणी कधी, हे सांगायला दहा मिनिटं लागतात. ती आम्ही दिली नाहीत, तर मोबाइल देतो.

विकणाऱ्यांचा दोष त्याहून मोठा. औषधं व जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरचा कायदा १९५४ पासून आहे, आणि ज्या आजारांवर उपचाराचा दावा जाहिरातीत करता येत नाही त्यांच्या यादीत संधिवात आहे. लसणाच्या कॅप्सूल पूरक आहार म्हणून विकायच्या, तर डबीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापणं नियमाने बंधनकारक आहे. ते वाक्य बारीक अक्षरात असतं. दुकानात तोंडी सांगितलं जातं ते मोठ्या आवाजात.

आणि सर्वांत घातक म्हणजे नावगाव नसलेल्या पुड्या. ‘लसूण, सुंठ आणि जडीबुटी’ असं सांगून दिलेल्या भुकटीने दोन दिवसांत जादूसारखं दुखणं थांबलं, तर आनंदाऐवजी शंका घ्या. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचं वेळोवेळी उघडकीला आलं आहे. चेहरा गोल सुजणं, साखर वाढणं, हाडं ठिसूळ होणं हे पुढे येतं. ती पुडी एकदम बंद करणंही धोक्याचं असतं. म्हणून लपवू नका, पुडी घेऊन डॉक्टरांकडे या.

मग करायचं काय?

लसूण जेवणात ठेवा. चटणीत, ठेच्यात, आमटीत, जसा घरात चालत आला तसा. ठेचून दहा मिनिटं ठेवा आणि मग शिजवा. त्याच्याकडून अपेक्षा चांगल्या अन्नाची ठेवा, औषधाची नाही.

पुढच्यापैकी काही असेल तर लसूण, लेप, तेल कशाचीच वाट न बघता तपासून घ्या:

- सकाळी सांधे अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेले राहतात.
- बोटांचे, मनगटांचे किंवा पावलांचे छोटे सांधे सुजतात, बहुधा दोन्ही बाजूंचे.
- सूज सहा आठवड्यांच्या वर टिकली आहे.
- सोबत थकवा, बारीक ताप, वजन घटणं आहे.
- एकच सांधा एकाएकी लाल, गरम, ठणकणारा झाला आणि ताप आला. यात थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो.

डॉक्टर सांधे हाताने तपासतील, आणि ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी यांसारख्या तपासण्या सांगतील. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणजे आमवात नाही, असं होत नाही. तसाच तो पॉझिटिव्ह आला म्हणजे आमवात आहेच, असंही नाही. रिपोर्ट वाचायचं काम मोबाइलवर सोपवू नका.

औषध सुरू असेल आणि त्रास होत असेल, तर बंद करण्याआधी विचारा. डोस बदलता येतो, औषध बदलता येतं, मेथोट्रेक्सेटबरोबर फॉलिक अ‍ॅसिड देऊन त्रास कमी करता येतो. कॅप्सूल, काढा, पुडी, जे काही घेत असाल ते डॉक्टरांना सांगा. रागावले तरी सांगा. मूल हवं असेल तर तेही आधी सांगा.

आणि तो मेसेज पुन्हा आला, तर पुढे पाठवण्याआधी एवढंच बघा: ‘औषध बंद करा’ असं सांगणाऱ्याचं नाव आणि पत्ता त्यात आहे का? तुमच्या आईची बोटं वाकडी झाली तर विचारायला कुणाच्या दारात जाणार? उत्तर नसेल, तर मेसेज तिथेच थांबवा आणि आईला तपासायला घेऊन या.